कंपनीचा स्टिरिओ तसाच ठेवून गाडीत ॲम्प आणि स्पीकर कसे बसवायचे: सुरुवातीपासून शेवटपर्यंत

आताच्या गाड्यांमध्ये कंपनीचा स्टिरिओ काढून दुसरा टाकणं अवघडच झालंय, कारण त्याच स्क्रीनवर रिव्हर्स कॅमेरा असतो, एसीची सेटिंग असते, स्टिअरिंगवरची बटणं त्यालाच जोडलेली असतात, आणि काही गाड्यांत तर तो काढला की डॅशबोर्डवर एरर यायला लागतात. म्हणून स्क्रीन जागच्या जागी राहू द्यायची, तिच्या मागून सिग्नल घ्यायचा आणि वेगळा ॲम्प (सिग्नलची ताकद वाढवणारा ॲम्प्लिफायर) लावून चांगले स्पीकर चालवायचे, हा रस्ता बहुतेकांसाठी बरोबर आहे. फक्त लोक यात उलटीकडून सुरुवात करतात. आधी ॲम्प किती वॅटचा ते बघतात, मग स्पीकर घेतात, आणि सिग्नल कुठून येतोय, दरवाजा कसा आहे, वायर किती जाड आहे हे सगळं शेवटी बघू म्हणतात. माझं ठाम मत आहे की आवाज चांगला येणार की नाही ते याच तीन गोष्टींवर ठरतं, ॲम्पवरचा आकडा त्यांच्या नंतर येतो. खाली सगळं कामाच्या क्रमाने लिहिलंय.

आधी वॅटचा घोळ मिटवू

स्टिरिओवर ५० गुणिले ४ असं काहीतरी लिहिलेलं असतं, तो पीक पॉवरचा आकडा, त्याचा आपल्याला उपयोग नाही. आरएमएस, म्हणजे सलग देता येणारी पॉवर, बघायचं. स्टिरिओच्या आत साधारणपणे एकच छोटी आयसी (चिप) चारही चॅनल चालवते आणि तिला गाडीच्या १४ व्होल्टवरच भागवावं लागतं. आत व्होल्टेज वाढवणारं वेगळं सर्किट नसेल तर १४ व्होल्टमधून ४ ओहमच्या स्पीकरवर २४-२५ वॅटच्या वर स्वच्छ पॉवर निघूच शकत नाही, आणि प्रत्यक्षात १५ ते २० च मिळते. त्याच्या वर आवाज वाढवला की तो फाटतो.

आता समजा तुम्ही ७५ वॅट आरएमएसचा ॲम्प लावला. पॉवर चौपट झाली, पण आवाज चौपट होत नाही. पॉवर दुप्पट केली की ३ डेसिबल वाढतात, म्हणजे चौपटीला ६. कानाला दुप्पट मोठा वाटायला साधारण १० डेसिबल लागतात. मग ॲम्प लावायचा कशाला, तर रोज ज्या आवाजात ऐकता त्याच आवाजात ढोलकीची थाप, तबल्याचा डग्गा, ड्रम असे अचानक येणारे दणके न फाटता यावेत म्हणून. तो मोकळेपणा एकदा ऐकला की परत जुन्यावर जाववत नाही.

स्पीकर निवडताना सेन्सिटिव्हिटीचा आकडा, म्हणजे ठराविक पॉवरवर स्पीकर किती मोठा वाजतो तो, जरूर बघा. ८७ डेसिबलचा आणि ९० डेसिबलचा असे दोन स्पीकर असतील तर तेवढाच आवाज काढायला पहिल्याला दुप्पट पॉवर लागते. हे आकडे किती वॅटवर आणि किती अंतरावर मोजलेत तेही बघा, कारण काही कंपन्या १ वॅटवर मोजतात आणि काही २.८३ व्होल्टवर. ४ ओहमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट म्हणजे २ वॅट होतात, म्हणजे कागदावर फुकटचे ३ डेसिबल.

पुढच्या दरवाजात कंपोनंट सेट लावावा, म्हणजे वूफर (खालचे सूर वाजवणारा) वेगळा, ट्वीटर (वरचे बारीक सूर वाजवणारा) वेगळा आणि मध्ये दोघांना आपापला भाग वाटून देणारा क्रॉसओव्हर. ट्वीटर वरती कानाच्या जवळपासच्या उंचीला आला की गाणारा माणूस पायाजवळून न गाता समोरून गातोय असं वाटतं. मागच्या दरवाजांना कोॲक्सियल (वूफर आणि ट्वीटर एकातच असलेले) पुरतात. खरं सांगायचं तर मागच्या सीटवर फारसं कोणी बसत नसेल तर मागचे कंपनीचे स्पीकर तसेच राहू द्या आणि ते पैसे समोर घाला.

पायरी १: स्टिरिओ नक्की काय पाठवतोय ते शोधा

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या. तुमच्या मॉडेलचा वायरिंग डायग्रॅम मिळवा आणि दोन प्रश्नांची उत्तरं काढा.

पहिला प्रश्न, कंपनीने आधीच वेगळा ॲम्प दिलाय का? साध्या सिस्टिममध्ये स्टिरिओच्या मागून स्पीकरच्या आठ वायर निघतात, चार जोड्या, आणि त्या सरळ दरवाजात जातात. महागड्या व्हेरिएंटमध्ये सीटखाली किंवा डिकीच्या बाजूच्या पॅनलमागे कंपनीचा ॲम्प असतो. तिथे स्टिरिओ आणि ॲम्पच्या मध्ये कधी कधी डिजिटल लाइन असते, तिला साधा ॲम्प जोडून काहीही होत नाही, सिग्नल कंपनीच्या ॲम्पमधून स्पीकरकडे निघणाऱ्या वायरवरून घ्यावा लागतो. आणि तिथे अजून एक अडचण म्हणजे ट्वीटरला फक्त वरचा भाग, वूफरला फक्त खालचा भाग असा आधीच तोडलेला सिग्नल मिळतो. तुम्ही फक्त वूफरची जोडी घेतली तर आवाज गोधडीत गुंडाळल्यासारखा येणार. अशा गाडीत दोन-तीन इनपुट एकत्र जोडून पुन्हा अख्खा सिग्नल बनवणारा डीएसपी (आवाजावर डिजिटल प्रक्रिया करणारा प्रोसेसर) लागतोच.

दुसरा प्रश्न, आवाज वाढवल्यावर बेस कमी होतो का? कंपनीचे स्पीकर हलके असतात, ते फाटू नयेत म्हणून बऱ्याच स्टिरिओत व्हॉल्यूम वर गेला की बेस आपोआप कापला जातो. हे कानाने ओळखायच्या भानगडीत पडू नका, मल्टीमीटरने मोजा. ५० हर्ट्झ आणि २०० हर्ट्झ असे दोन टोन (एकाच सुराचा सलग आवाज) सारख्याच लेव्हलला पेन ड्राइव्हवर घ्या. स्पीकरच्या दोन वायरना मीटर एसी व्होल्टवर लावा. ५० चा टोन चालू करून व्हॉल्यूम थोडा थोडा वाढवत प्रत्येक पायरीला किती व्होल्ट येतात ते कागदावर लिहा, मग तेच २०० ला करा. दोन्ही रांगा बरोबरीने वर चढत गेल्या तर उत्तम. पण २०० चे व्होल्ट चढत राहिले आणि ५० चे मध्येच अडखळून तिथेच रेंगाळले तर समजा बेस कापला जातोय. मग एकतर बेस परत भरून काढणारा प्रोसेसर हवा, नाहीतर कापायला सुरुवात होते त्याच्या खालच्या व्हॉल्यूमवरच सगळं सेट करायचं. बरेच जण ही मोजणी करत नाहीत आणि मग हळू आवाजात सबवूफर (फक्त खालचा बेस वाजवणारा मोठा स्पीकर) जोरात, मोठ्या आवाजात गायब, अशी तक्रार घेऊन महिनोन्महिने फिरतात.

पायरी २: सिग्नल घ्यायचा कसा

कंपनीच्या स्टिरिओला सहसा आरसीए आउटपुट (ॲम्पला हलका सिग्नल देणारी गोल सॉकेट) नसतात, त्यामुळे स्पीकरच्या वायरवरूनच सिग्नल घ्यायचा. तीन मार्ग आहेत. ॲम्पलाच हाय लेव्हल इनपुट असेल तर स्पीकरच्या वायर सरळ त्यात जातात, साध्या सिस्टिमला हे पुष्कळ झालं. ॲम्पला फक्त आरसीए असतील तर मध्ये स्पीकरचा सिग्नल आरसीएच्या मापाला आणणारा लाइन आउट कन्व्हर्टर लावायचा, चांगल्या प्रतीचाच घ्या, अगदी स्वस्तातले कन्व्हर्टर खालचा बेस खातात. आणि तिसरा म्हणजे डीएसपी असलेला ॲम्प, त्यात इक्वलायझर, क्रॉसओव्हर, डिले (जवळच्या स्पीकरचा आवाज थोडा उशिरा सोडणं) सगळं एकाच डब्यात. बजेट बसत असेल तर मी तिसराच सुचवेन, कारण कंपनीने सिग्नलमध्ये केलेली काटछाट नीट करायची सगळ्यात चांगली सोय त्यात आहे.

एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. या स्टिरिओत स्पीकरची निगेटिव्ह वायर म्हणजे बॉडी अर्थ नाही. प्लस आणि मायनस दोन्ही वायरवर सिग्नल असतो आणि दोन्हींवर साधारण ६-७ व्होल्ट डीसी उभे असतात. मायनस बॉडीला टेकवली किंवा दोन चॅनलच्या मायनस एकमेकींना जोडल्या तर आउटपुटची आयसी जाऊ शकते.

फॅक्टरीच्या वायर कापू नका. तुमच्या गाडीच्या कनेक्टरला बसणारा टी हार्नेस मिळतो, तो स्टिरिओ आणि गाडीच्या सॉकेटच्या मध्ये लागतो, सिग्नल बाहेर काढतो आणि ॲम्पमधून आलेली पॉवर परत गाडीच्याच स्पीकर वायरमध्ये पाठवतो. म्हणजे दरवाजाच्या रबरी नळीतून नवी वायर ओढायची कटकट वाचते. चॅनलमागे ७५ वॅटपर्यंत गाडीची मूळ वायर सहसा पुरते. शिवाय पुढेमागे गाडी विकायची झाली तर सगळं काढून मूळ स्थितीत आणता येतं. वॉरंटी चालू असेल तर तिच्या अटी मात्र आधीच वाचून घ्या.

काही स्टिरिओ स्पीकर जोडलाय का ते तपासतात आणि लोड दिसला नाही की ते चॅनल बंद करतात. अशा वेळी प्लस आणि मायनसच्या मध्ये लोड रेझिस्टर लावावा लागतो. काही ॲम्पमध्ये आणि कन्व्हर्टरमध्ये तो आतच दिलेला असतो, घेताना विचारा.

पायरी ३: करंट, वायर आणि फ्यूज

हिशोब सोपा आहे. सगळ्या चॅनलचं आरएमएस मिळवा, ॲम्पच्या एफिशियन्सीने भागा, मग व्होल्टेजने भागा. ७५ वॅटचे चार चॅनल म्हणजे ३०० वॅट. क्लास डी ॲम्प (कमी वीज वाया घालवणारा प्रकार) साधारण ८० टक्के धरा, म्हणजे ३७५ वॅट आत ओढणार. भागिले १३.८ व्होल्ट, आले २७ अँपिअर. तोच ॲम्प क्लास एबी (जास्त तापणारा प्रकार) असेल तर ६० टक्के धरून ३६ अँपिअर. गाणी वाजताना सरासरी यापेक्षा बरीच कमी असते, पण वायर जास्तीत जास्त करंटसाठीच निवडायची.

गेज म्हणजे वायरच्या जाडीचं माप, आकडा लहान तितकी वायर जाड. ८ गेजची तांब्याची वायर म्हणजे साधारण ८.४ चौरस मिमी, आणि ४ गेज म्हणजे २१ चौरस मिमी. बोनेटपासून डिकीपर्यंत ५ मीटर धरले तर ३० अँपिअरला ८ गेजमध्ये ०.३ व्होल्ट पडतात आणि ४ गेजमध्ये ०.१२. म्हणजे फक्त चार चॅनल चालवायचे असतील तर ८ गेज चालून जाईल, पण पुढे सबवूफर टाकायचा विचार डोक्यात असेल तर आत्ताच ४ गेज ओढा, अख्खी गाडी दुसऱ्यांदा उघडायची कुणाला हौस नसते.

वायर तांब्याचीच हवी. बाजारातल्या स्वस्त किटमध्ये ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा मुलामा असलेली वायर असते, दिसायला अगदी तशीच. ॲल्युमिनियममधून तांब्याच्या साधारण ६० टक्केच वीज वाहते, म्हणून तीच वायर असेल तर एक-दोन साइज जाड घ्यावी लागते. ओळखायचं असेल तर एक तार सुटी करून ब्लेडने खरवडा. वर तांबूस आणि आत पांढरी निघाली तर ॲल्युमिनियम. उलट वर चंदेरी आणि आत लालसर निघाली तर ती कथील चढवलेली तांब्याची वायर, ती उत्तम.

फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून ४५ सेंटीमीटरच्या आत. ॲम्पला स्वतःचा फ्यूज असतोच, मग हा कशाला असं बरेच जण विचारतात. हा फ्यूज वायरसाठी आहे. बोनेटपासून डिकीपर्यंत जाणारी ही वायर कुठेही घासून बॉडीला टेकली तर बॅटरी तिच्यात शेकडो अँपिअर ओतते आणि ती तापून इन्सुलेशन पेट घेतं. तांब्याच्या ८ गेजला जास्तीत जास्त ५० आणि ४ गेजला १०० अँपिअर एवढं धरून चाला, आणि ॲम्पची गरज कमी असेल तर फ्यूजही कमीचा.

पायरी ४: गाडी उघडण्याआधी

इग्निशन बंद, चावी बाहेर, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची आणि सर्व्हिस मॅन्युअलमध्ये सांगितलेला वेळ थांबायचं, कारण एअरबॅगच्या सर्किटमध्ये थोडा वेळ चार्ज शिल्लक असतो. पिवळे कनेक्टर किंवा पिवळ्या स्लीव्हमधल्या वायर दिसल्या तर त्या सहसा एअरबॅगच्या, त्यांना हात लावायचा नाही, मीटरची पिनसुद्धा टोचायची नाही. सीटच्या बाजूला आणि काचेलगतच्या खांबातही एअरबॅग असतात, त्यामुळे त्या खांबाच्या कव्हरमध्ये ट्वीटर बसवायला भोक पाडायचा विचार सोडून द्या, ट्वीटर कंपनीच्या मूळ जागेत नाहीतर आरशामागच्या तिकोनी पॅनलवर बसवा. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडी असेल तर नारिंगी केबलच्या जवळपासही काही करायचं नाही, आपलं काम फक्त १२ व्होल्टच्या बाजूला.

पायरी ५: मेन वायर ओढणे आणि अर्थिंग

इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यात गाडीच्या वायरिंगचा रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी कडी) असतो, त्यातूनच वायर आत घ्या. नवीन भोक पाडावंच लागलं तर त्यात ग्रोमेट घातल्याशिवाय वायर जाऊ द्यायची नाही, पत्र्याची धार हळूहळू इन्सुलेशन कापते. बोनेटखाली वायरवर फ्लेक्झिबल पाइप चढवा आणि एक्झॉस्ट, स्टिअरिंगचा रॉड, पेडल या सगळ्यांपासून लांब बांधत न्या. आत आल्यावर दरवाजाच्या पायरीखालचं प्लास्टिक उचकटून त्यातून मागे. पॉवरची वायर एका बाजूने आणि आरसीए किंवा सिग्नलच्या वायर दुसऱ्या बाजूने, दोन्ही एकत्र बांधायच्या नाहीत. मेन फ्यूज अगदी शेवटी टाकायचा, तोपर्यंत तो खिशात.

आता अर्थिंग किंवा ग्राउंड, म्हणजे ॲम्पची निगेटिव्ह वायर गाडीच्या पत्र्याला जोडणं. निम्म्याहून जास्त कुईं, भुणभुण आणि ॲम्प मध्येच बंद पडण्याच्या तक्रारी मला याच एका बोल्टपाशी येऊन संपताना दिसतात, म्हणून इथे घाई नको. जागा ॲम्पपासून ४५ सेंटीमीटरच्या आत शोधा, जाड पत्रा, शक्यतो चॅसीला वेल्ड केलेला. पातळ ब्रॅकेट नको. सीटबेल्टचा बोल्ट तर अजिबात नको, तो जीव वाचवायला ठराविक टॉर्कला आवळलेला असतो. पत्र्यावर आधी रंग, त्याखाली प्रायमर असतो, पॉलिश पेपरने किंवा वायर ब्रशने घासत राहा, आधी रंगाची पूड निघेल, मग राखाडी थर लागेल, तोही जाऊ द्या, चकचकीत धातू दिसला की थांबा, थिंबलच्या (वायरच्या टोकाला बसणाऱ्या धातूच्या कडीच्या) रुंदीपेक्षा थोडं जास्तच घासा. वायर पॉवरच्याच गेजची. थिंबल क्रिम्पिंग टूलने दाबा, पकडीने चेपून होत नाही, मग वरून हीट श्रिंक चढवा. थिंबल सरळ धातूवर, तिच्यावर स्टार वॉशर, मग बोल्ट कचकचून आवळा. शेवटी वरून प्राइमर किंवा ग्रीस मारा, नाहीतर तिथे गंज धरतो.

तपासणी ओहमवर करू नका, छोटे ओहम साधा मीटर नीट दाखवत नाही. सगळं जोडून झाल्यावर गाणं जोरात चालू ठेवून मीटर डीसी व्होल्टवर घ्या, एक टोक ॲम्पच्या ग्राउंड टर्मिनलला आणि दुसरं लांब वायर जोडून बॅटरीच्या निगेटिव्हला. ०.१ व्होल्टच्या आसपास किंवा खाली असेल तर झकास. ०.५ वगैरे दिसलं तर जागा बदला.

बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर सेन्सरचा छोटा डबा असेल, स्टार्ट स्टॉप असलेल्या गाड्यांत सहसा असतो, तर ॲम्पचं ग्राउंड थेट बॅटरीच्या खुंटीवर लावायचं नाही. तसं केलं तर ॲम्पने खाल्लेला करंट सेन्सरला दिसत नाही आणि गाडीचा चार्जिंगचा हिशोब चुकतो.

पायरी ६: रिमोट वायर

ॲम्पला चालू हो म्हणून सांगायला रिमोट टर्मिनलवर १२ व्होल्ट लागतात. हाय लेव्हल इनपुट असलेले बरेच ॲम्प स्पीकरच्या वायरवरचे ते ६-७ व्होल्ट डीसी ओळखून स्वतःच चालू होतात, तसं असेल तर वेगळी वायर नको. नसेल तर फ्यूज बॉक्समध्ये चावी फिरवल्यावरच चालू होणारा फ्यूज शोधा आणि त्यात फ्यूज टॅप (फ्यूजच्या जागी बसून जादा वायर काढून देणारा तुकडा) लावा. कायम चालू असलेल्या फ्यूजवरून कधीच घेऊ नका, बॅटरी उतरेल. एअरबॅग, एबीएस, इंजिनच्या फ्यूजलाही हात नको.

पायरी ७: दरवाजा

स्पीकरचा कोन पुढे जाताना जेवढी हवा ढकलतो तेवढीच मागून ओढतो. पुढची आणि मागची हवा एकमेकींत मिसळली की बेस तिथल्या तिथे संपतो. आणि गाडीच्या दरवाजाचा आतला पत्रा म्हणजे मोठमोठी भोकं, वर पातळ प्लास्टिकचा पडदा. स्पीकर काढल्यावर बाहेरच्या पत्र्यावर बोटाने टकटक करून बघा, डबा वाजल्यासारखं टण्ण होईल.

तर आधी बाहेरच्या पत्र्याची आतली बाजू स्पिरिटने पुसून ब्युटाइलची डँपिंग शीट लावा. अख्खा पत्रा मढवायची गरज नाही, थरथर थांबवायला साधारण २५ टक्के भाग पुरतो, स्पीकरच्या बरोबर मागचा भाग मात्र नक्की झाका. रोलरने दाबून दाबून बसवा. परत टकटक केलं की आवाज ठप्प असा येतो, तेव्हा झालं. मग आतल्या पत्र्याची मोठी भोकं बंद करा, मोठ्या भोकांवर नुसती शीट लोंबते, तिथे प्लास्टिकचा किंवा ॲल्युमिनियमचा तुकडा कापून त्यावर शीट. काचेची यंत्रणा, लॉकची दांडी आणि दरवाजाच्या तळाची पाणी जायची भोकं मोकळी राहिली पाहिजेत. तळाची भोकं बुजली तर पाऊस दरवाजातच साठतो आणि दरवाजा आतून सडतो.

स्पीकर पत्र्याला थेट न लावता अडॅप्टर रिंगवर बसवा. प्लास्टिकची किंवा ॲल्युमिनियमची रिंग बरी, एमडीएफची असेल तर सगळ्या बाजूंनी वार्निश किंवा रेझिन लावून, नाहीतर ती पाणी पिऊन फुगते. स्क्रू आवळायच्या आधी काच पूर्ण खाली घेऊन बघा, मॅग्नेटला लागते का. रिंगच्या पुढे फोमची पट्टी लावा म्हणजे आवाज दरवाजाच्या पॅनलच्या आत न घुसता जाळीतून बाहेर येईल. क्रॉसओव्हरचा डबा दरवाजात ठेवायचाच असेल तर पाण्यापासून वर आणि झाकून, केबिनमध्ये ठेवता आला तर सगळ्यात बरं.

वेळ आणि पैसा मोजकाच असेल तर मी महाग ॲम्पपेक्षा दरवाजाला पहिला मान देईन. कंपनीच्याच स्पीकरचा बेससुद्धा एवढ्यानं सुधारतो.

पोलॅरिटी तपासायला १.५ व्होल्टचा सेल क्षणभर वायरना टेकवा, कोन बाहेर आला तर सेलच्या प्लसला लागलेली वायर स्पीकरची प्लस. हे ॲम्पपासून वायर सुटी करूनच करा, आणि ट्वीटरवर नको.

पायरी ८: ॲम्पची जागा

सीटखाली किंवा डिकीच्या बाजूला, जिथे हवा खेळेल आणि पाणी येणार नाही. उलटा टांगू नका, उष्णता आतच कोंडते. सबवूफरच्या खोक्यावर नको, सतत हादरून सोल्डर सुटतात. स्क्रू मारायच्या आधी गाडीच्या खाली वाकून बघा, पेट्रोलची टाकी, इंधनाची आणि ब्रेकची लाइन नेमकी कुठून जाते ते. सीटखाली असेल तर सीट पुढे मागे पूर्ण सरकवून वायर कुठे अडकत नाही ना ते बघा.

पायरी ९: गेन लावणे

गेन हा व्हॉल्यूम नाही. स्टिरिओच्या सिग्नलशी ॲम्पचं माप जुळवायची ती चावी आहे. स्पीकरच्या वायर ॲम्पपासून काढा, बेस बूस्ट बंद, फिल्टर बंद, गेन पूर्ण खाली. स्टिरिओचे बेस-ट्रेबल मधोमध, फेडर (पुढच्या-मागच्या स्पीकरांचा तोल) मध्यावर. २०० हर्ट्झचा ० डेसिबलचा, म्हणजे पूर्ण लेव्हलला बनवलेला, टोन पेन ड्राइव्हवरून वाजवा, ब्लूटूथवरून नको. २०० यासाठी की साध्या मल्टीमीटरचं एसी रीडिंग ४०० हर्ट्झच्या वर बऱ्याचदा चुकतं. स्टिरिओचा व्हॉल्यूम तीन चतुर्थांशावर, किंवा पायरी १ मध्ये तुम्ही ठरवलेल्या मर्यादेवर.

आता किती व्होल्ट हवेत ते काढा. पॉवर गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. ७५ वॅट आणि ४ ओहम म्हणजे ३०० चं वर्गमूळ, १७.३ व्होल्ट. ५० वॅट असेल तर १४.१. सबवूफरच्या चॅनलला ३०० वॅट २ ओहमवर असतील तर २४.५, आणि तिथे टोन ५० हर्ट्झचा. इंजिन चालू ठेवून, गाडी मोकळ्या हवेत उभी करून, मीटर स्पीकर टर्मिनलला लावा आणि गेन हळूहळू वर न्या, आकडा आला की थांबा. हा कमाल आकडा, याच्या वर जायचं नाही, खाली राहिलात तरी हरकत नाही. स्पीकरची क्षमता ॲम्पपेक्षा कमी असेल तर स्पीकरच्या वॅटने हिशोब करा. आणि फाटलेला आवाज सगळ्यात आधी ट्वीटरचा जीव घेतो हे लक्षात ठेवा.

मग टोन बंद, स्पीकर परत जोडा आणि फिल्टर लावा. साडेसहा इंची दरवाजाच्या स्पीकरला ८० हर्ट्झचा हाय पास (त्याच्या खालचे सूर अडवणारा), १२ डेसिबल प्रति ऑक्टेव्हचा किंवा त्याहून तीव्र उताराचा, सबवूफरला ८० चाच लो पास (वरचे सूर अडवणारा). सबवूफर नसेल तर हाय पास ५०-६० ला घ्या. सबवूफरचा फेज (कोन आधी बाहेर जातो की आत ते ठरवणारी सेटिंग) ० आणि १८० असा फिरवून ड्रायव्हर सीटवर बसून ऐका, ज्या बाजूला बेस भरीव वाटतो तीच बाजू बरोबर.

डीएसपी असेल तर डिले. आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटीमीटर जातो. डोक्याच्या जागेपासून जवळचा स्पीकर ९० सेंटीमीटरवर आणि लांबचा १४० वर असेल तर फरक ५० सेंटीमीटर, म्हणजे जवळच्याला १.४६ मिलिसेकंद उशीर द्यायचा. गायक डॅशबोर्डच्या मध्यावर येऊन उभा राहतो. इक्वलायझरला मात्र त्याच दिवशी हात लावू नका, दोन दिवस ओळखीची गाणी ऐका आणि मग जे टोचतं ते कमी करा. वाढवण्यापेक्षा कमी करणं नेहमी चांगलं.

काही बिघडलं तर

इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी कुईं आली तर लगेच नॉइज फिल्टर आणायला धावू नका. स्टिरिओ आणि ॲम्प बंद करून ॲम्पच्या आरसीए काढा, परत चालू करा. आवाज गेला तर तो सिग्नलच्या वायरमधून किंवा त्याच्या आधीच्या डब्यातून येतोय, कन्व्हर्टरचं ग्राउंड ॲम्पच्याच बोल्टवर आणून बघा. आवाज राहिला तर ॲम्पचं ग्राउंड आणि पॉवर. इंजिन बंद असतानाही सतत बारीक स्स आवाज असेल तर गेन जास्त आहे. ॲम्प मोठ्या दणक्याला बंद होऊन परत चालू होत असेल तर त्या क्षणी ॲम्पच्या टर्मिनलवरचं व्होल्टेज मोजा. तिथे घसरतंय आणि बॅटरीवर ठीक आहे तर दोष वायर, फ्यूज होल्डर किंवा अर्थिंगमध्ये, आणि दोन्हीकडे घसरतंय तर बॅटरी किंवा अल्टरनेटर पुरत नाही.

सगळं झाल्यावर एकदा बॅटरी उतरत नाही ना तेही बघा. निगेटिव्ह वायरच्या मालिकेत मीटर लावा, गाडी लॉक करून तिचे सगळे मॉड्यूल झोपेपर्यंत, अर्धा तास किंवा थोडं जास्त थांबा, आणि मग करंट मोजा. बहुतेक गाड्यांत तो ५० मिलिअँपिअरच्या आत असायला हवा. जास्त आला तर ॲम्पची रिमोट वायर काढून परत मोजा, आकडा खाली आला की रिमोट चुकीच्या फ्यूजवर आहे. आणि आठवडा दोन आठवडे गाडी चालवल्यावर बॅटरीचं, फ्यूज होल्डरचं आणि अर्थिंगचं असे तिन्ही बोल्ट पुन्हा आवळा, तांबं दाबाखाली बसतं आणि पहिल्यांदा आवळलेलं थोडं सैल होतंच.